नवस फेडायला कोण येतं?

गंगापूर रस्त्याने सोमेश्वराकडे निघालं की आनंदवल्लीत, नाशिककरांच्या गंगेच्या काठी, नवश्या गणपती लागतो. राघोबादादा आणि आनंदीबाईंना इथे नवस बोलल्यावर मुलगा झाला, अशी कथा सांगतात. आनंदवल्ली हे नावही आनंदीबाईंचंच. आता जरा हिशेब करून पाहा. इथे पेढे वाटायला कोण येतं? ज्याचं काम झालं तो. ज्याचं झालं नाही, तो पेढे कशाला आणेल? म्हणजे वहीपेन घेऊन कुणी प्रामाणिक माणूस ओसरीवर वर्षभर बसला, तर त्याच्या वहीत प्रत्येक नवस फळलेलाच दिसेल. नोंद शंभर टक्के खरी, आणि तरीही तिच्यावरून काहीच ठरत नाही!

फ्रान्सिस बेकनने 1620 साली ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये अशीच एक जुनी गोष्ट सांगितली. जहाज फुटूनही नवसाने वाचलेल्यांची चित्रं देवळात टांगलेली. ती दाखवून एकाला विचारलं, आता तरी पटलं का? त्याने उलट विचारलं: नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत?

पण बुडालेले निदान नजरेआड असतात. खरी थक्क करणारी गोष्ट ही, की ते हाताच्या अंतरावर असले तरी मन त्यांच्याकडे वळत नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये 29 विद्यार्थ्यांना सांगितलं: 2, 4, 6 हे आकडे माझ्या एका नियमात बसतात. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सुचवा, मी ‘बसतात’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगेन. खात्री पटली की नियम सांगा. तुमच्याही मनात एव्हाना काहीतरी आलंच असेल. दोनदोनने वाढणारे, नाही का? मग 8, 10, 12 विचारायचं. बसतात. 20, 22, 24? बसतात. प्रत्येक होकाराने छाती फुगत जाते. नियम मात्र होता, आकडे चढते हवेत, बस्स. 1, 2, 50 सुद्धा चाललं असतं. पण ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून असं काही विचारायचं सहजी सुचत नाही. पहिल्याच उत्तरात नियम ओळखणारे निघाले फक्त 6. यात ना देवधर्म होता, ना राजकारण, ना पैसा. नुसत्या आकड्यांशीही आपण इतक्या लवकर सोयरीक जुळवतो.

भावना गुंतल्या की तर विचारूच नका. स्टॅनफर्डमध्ये 1979 साली फाशीच्या समर्थकांना आणि विरोधकांना तीच दोन संशोधनं वाचायला दिली. एक बाजूचं, एक विरोधातलं. दोन्ही गटांनी आपल्याला न पटणाऱ्यातल्या खोटी बारकाईने काढल्या, आणि वाचून झाल्यावर दोघेही आपापल्या मतावर जास्तच ठाम झाले.

यातून सुटायची एकच युक्ती मला ठाऊक आहे: चुकलेली उत्तरंही मोजली जातील, अशी वही आधीच आखून ठेवायची. आपल्याकडे ती 2008 मध्ये पुण्यात आखली गेली. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पाठवायच्या. कोणती पत्रिका कुठल्या गटातली, एवढंच ओळखायचं. यशासाठी 40 पैकी 28 उत्तरं बरोबर हवीत, हे आधीच ठरलेलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, बरोबर आल्या 102.

सर्वांत पुढे असलेल्या ज्योतिषाची 24 उत्तरं बरोबर होती. हीच 24 मुलं वेगवेगळ्या दिवशी आईवडिलांबरोबर त्याच्याकडे आली असती, तर 24 घरांतून त्याचं नाव गावभर झालं असतं. उरलेली 16 घरं गप्पच राहिली असती.