पक्ष्यांचे स्थलांतर, लेखांक ६ : किनाऱ्यावरच्या जाळ्यात कोण सापडते?

लहान गायक पक्ष्यांपैकी बहुतेकांचे स्थलांतर रात्री होते, हे मागील लेखांकात आलेच आहे. ते कोणत्या वाटेने गेले हे डोळ्यांनी पाहून ठरवता येत नसल्याने, पहाटे ते जिथे खाली उतरतात तिथे त्यांना धरून पायात क्रमांक कोरलेली कडी घालणे, म्हणजेच वलयांकन करणे, हाच त्यांच्या अभ्यासाचा दीर्घकाळ मुख्य मार्ग राहिला. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये महाराष्ट्रात येणाऱ्या भोरडीच्या नात्यातील युरोपीय स्टार्लिंगच्या पायात अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या घालून या पद्धतीचा पाया घातला. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम अंगावर घेतले आणि १९५९ पासून सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली त्याला मोठे स्वरूप आले.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९५५ मध्ये ‘ऑपरेशन रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू झाला, त्यामागील अपेक्षा सरळ होती : शरद ऋतूत किनाऱ्यालगत ओळीने केंद्रे उभारली, तर उत्तरेकडील केंद्रावर कडी घातलेला पक्षी दक्षिणेकडील केंद्रावर पुन्हा सापडेल आणि त्याची वाट व वेग दोन्ही कळतील. ही अपेक्षा फारशी फळली नाही, कारण कडी घातलेल्या लहान गायक पक्ष्यांपैकी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सापडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते. मात्र पक्षी हातात असतानाच केलेल्या नोंदींतून जे हाती लागले, ते मूळ हेतूपेक्षा अधिक मोलाचे ठरले.

या केंद्रांवर मिस्ट-नेट वापरतात. काळ्या, अत्यंत तलम धाग्याचे हे जाळे सुमारे १२ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच असते; झुडपांच्या पार्श्वभूमीवर ते पक्ष्याला दिसत नाही, आणि आडव्या दोऱ्यांमुळे तयार झालेल्या सैल झोळात तो अलगद पडतो. जपानमधील पक्षी पकडणाऱ्यांचे हे साधन दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य पक्षिशास्त्रज्ञांच्या हाती आले आणि एरवी दाट झाडीत दडून राहणारे पक्षी मोठ्या संख्येने अभ्यासाच्या कक्षेत आले. कार्यकर्ते ठरावीक वेळाने जाळ्यांची फेरी करतात, पक्षी सोडवून कापडी पिशवीत ठेवतात, आणि कडी घातल्यावर पंखाची लांबी, वजन व चरबी यांची नोंद करून त्याला सोडून देतात. चरबी पाहण्यासाठी गळ्याखालच्या खळग्यावरील पिसांवर फुंकर घालतात, म्हणजे पातळ त्वचेखालचा पिवळसर थर स्पष्ट दिसतो.

या सर्व नोंदींत वय ही नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. शरद ऋतूत अनेक जातींची पिल्ले पिसाऱ्याने प्रौढांसारखीच दिसतात, त्यामुळे पिसांवरून निर्णय होत नाही तेव्हा कवटी पाहावी लागते. पिलाची कवटी आरंभी एकपदरी असते. पुढे तिच्या आत दुसरा पदर तयार होतो, दोहोंमध्ये सूक्ष्म खांब उभे राहतात, आणि ही क्रिया पूर्ण होण्यास बहुतेक जातींत काही महिने लागतात. डोक्यावरील पिसे ओली करून बाजूला सारली असता एकपदरी भाग एकसारखा गुलाबी, तर दुपदरी भाग पांढुरक्या ठिपक्यांचा दिसतो, आणि त्यावरून हा पक्षी याच उन्हाळ्यात जन्मला की त्याआधी, हे सांगता येते.

अशा रीतीने वयाच्या नोंदी जमू लागल्यावर किनाऱ्यावरील केंद्रांत एक विलक्षण गोष्ट उघड झाली. अनेक जातींत पकडलेल्या पक्ष्यांपैकी ८५ ते ९५ टक्के पक्षी आयुष्यातील पहिल्याच शरद ऋतूत प्रवास करणारे होते, आणि अंतर्भागातील केंद्रांवर मात्र हे प्रमाण बरेच कमी होते. एखाद्या जातीच्या एकूण संख्येत इतकी पिल्ले असणे शक्य नाही. म्हणजे प्रौढ पक्षी बहुतांशी दुसरीकडून जातात किंवा किनाऱ्यावर उतरतच नाहीत. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर वायव्येचा वारा सुटतो, आकाश निवळते आणि त्या रात्री पक्षी मोठ्या संख्येने निघतात. हाच वारा त्यांना समुद्राकडे ढकलतो. प्रौढ हा ढळ ओळखून दिशा सुधारतात आणि अननुभवी पिल्ले वाहवत जाऊन पहाटे किनारा गाठतात, असे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे स्पष्टीकरण सी. जॉन राल्फ यांनी पुढे आणले : पिल्लांचे प्रमाण फार मोठे असणे ही जातीच्या स्थलांतरमार्गाची कड जवळ असल्याची खूण मानावी. दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी नाहीत, आणि जातीनुसार त्यांचे वजन बदलत असावे, हेच अधिक संभवनीय वाटते.

अनुभवाचा हा फरक खरोखर किती मोठा आहे, हे डच शास्त्रज्ञ ए. सी. पर्डेक यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसले. हॉलंडमध्ये पकडलेले सुमारे ११,००० स्टार्लिंग त्यांनी स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. प्रौढांनी आपली दिशा बदलून नेहमीचा हिवाळी प्रदेश गाठला, तर पिल्ले जन्मजात दिशाच धरून चालली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये पोचली.

यामुळे किनाऱ्यावरील आकडे वाचताना मोठी सावधगिरी लागते. एखाद्या वर्षी जाळ्यात पक्षी वाढले, तर त्याचा अर्थ उन्हाळ्यात वीण चांगली झाली असा असेल, वारे अनुकूल होते असा असेल, किंवा जाळ्यांभोवतीची झाडी बदलली एवढाच असेल. मॅसॅच्युसेट्समधील मॅनोमेट केंद्रात म्हणूनच एका पद्धतीचे कटाक्षाने पालन होते : जाळी वर्षानुवर्षे त्याच जागी लावतात आणि पकड ‘जाळे-तास’ या मापाने, म्हणजे एक जाळे एक तास उघडे असताना सापडलेले पक्षी या हिशोबाने, मोजतात. या चिकाटीमुळेच १९७० ते २००१ या काळातील तेथील नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या आणि अनेक जातींची घट त्यांत दिसून आली. कंटाळवाणे वाटावे असे हे एकसारखेपण विज्ञानाच्या दृष्टीने फार मौल्यवान आहे.

किनारा सर्वच जातींसाठी चुकलेल्यांचे ठिकाण नसतो. ब्लॅकपोल वार्बलर हा एरवी सुमारे १२ ग्रॅम वजनाचा पक्षी शरदात चरबी साठवून जड होतो आणि ईशान्य किनाऱ्यावरून थेट अटलांटिकवर झेपावतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाठीवर प्रकाशाची नोंद करणारे चिमुकले यंत्र बांधलेल्या पक्ष्यांनी २२७० ते २७७० किलोमीटरचा सागरी प्रवास दोन-तीन दिवसांत न थांबता केल्याचे सिद्ध झाले. या यंत्रातील माहिती मिळवण्यासाठी तोच पक्षी पुढील वर्षी पुन्हा पकडावा लागतो, त्यामुळे जाळ्याची गरज तिथेही सुटलेली नाही. रेडिओ-खुणा टिपणाऱ्या मनोऱ्यांच्या जाळ्याने ही अडचण कशी दूर केली, आणि किनाऱ्यावर भरकटलेली पिल्ले पुढे कोणती दिशा धरतात हे त्यातून कसे तपासता येते, याचा विचार पुढील लेखांकात केला आहे.