जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचे प्लग आणि कॉइल

२००४ साली भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ लिटर टर्बो इंजिन हौशी मंडळी आजही जिवापाड जपतात. या गाड्यांची एक नेहमीची तक्रार असते: सिग्नलला गाडी शांत उभी, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की झटके.

कारण टर्बोत आहे. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची टोकं झिजून फट रुंदावली की ही गरज आणखी वाढते आणि सगळा ताण कॉइलवर येतो. म्हणूनच झिजलेल्या प्लगवर नवी कॉइल बसवणं ही मला पैशाची नासाडी वाटते.

इथे प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे दोष घरीही शोधता येतो. स्कॅनरवर पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. कोड पुसून ती कॉइल तिसऱ्याशी अदलाबदल करा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. पुन्हा पी०३०२ आला तर प्लग आणि इंजेक्टर तपासा.

प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावेत. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर खर्च फार मोठा. आधी खळग्यातली धूळ हवेने उडवा, नवा प्लग हातानेच फिरवत बसवा, शेवटी टॉर्क पान्याने ३० न्यूटन-मीटर. खळग्यात तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही बदला.

आणि मिसफायर होत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि त्या उष्णतेने त्याचा गाभा वितळू शकतो.