निळ्या जर्सीची बदलती चाल

नागपूरचा इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) स्वतःचा फुटबॉल क्लब नाही. पुण्याचा संघ २०१९मध्ये बंद पडला. त्यामुळे महाराष्ट्रासाठी उरला तो मुंबई सिटी. प्रशिक्षक बदलला की खेळ कसा पालटतो, हे याच संघात नीट पाहता येतं.

प्रशिक्षक जॉर्ज कोस्टाच्या काळात (२०१८-२०) बचाव घट्ट ठेवायचा आणि चेंडू हिसकावून वेगाने प्रतिहल्ला करायचा, असा खाक्या होता. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा आला. गोव्यात त्याच्या हाताखाली खेळलेले जाहू, बूमू, फॉल आणि मंदार राव देसाईही आले. आता चेंडू ताब्यात ठेवणं महत्त्वाचं झालं. जाहू बचावपटूंच्या पुढ्यात उभा राहायचा, मान वर करून पाहायचा आणि दूरच्या बगलेला लांब पास सोडायचा. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यात ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि पहिला आयएसएल करंडक आला. त्याच मोसमात साखळीत अव्वल ठरल्याची शील्डही मिळाली होती.

लोबेरानंतरचा प्रशिक्षक डेस बकिंगहॅमने चेंडूवरचा ताबा सोडला नाही, पण वेग वाढवला. छांगते आणि बिपिन दोन्ही बगलांतून थेट धावू लागले. २०२२-२३च्या साखळीत २० सामन्यांत संघाने ५४ गोल केले. त्या मोसमातला हा संघ पाहायला सर्वांत देखणा होता.

पुढच्या मोसमाच्या मध्यावर, डिसेंबर २०२३मध्ये पेत्र क्रात्की प्रशिक्षक म्हणून आला. मे २०२४मध्ये कोलकात्यातल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाने मोहन बागानला ३-१ने हरवलं.