आमरीची (ऑर्किडची) कीड, घरचा उतारा

पिठ्या ढेकूण – पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके. सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसावेत. अंडी उरतातच, म्हणून दर आठवड्याला, तीन-चार वेळा. मुळांना स्पिरिट लावू नये.

खवले कीड – पानाला चिकटलेले तपकिरी टिपके. पान चिकट लागते, मुंग्यांची रांग लागते. जुन्या टूथब्रशने खरवडावे, मग स्पिरिट.

लाल कोळी – कोरड्या उन्हाळ्यातला पाहुणा. पानाची खालची बाजू चंदेरी पडते. तिथेच पाण्याचा जोरदार फवारा.

निंबोळी तेल – 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिलि, सोबत द्रवरूप साबणाचे काही थेंब. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. आधी एका पानावर चाचणी. फवारणी उन्हे उतरल्यावर. भर उन्हात पाने करपतात.

कुज – कोल्हापुरात जून ते सप्टेंबरचा खरा शत्रू. पाणचट, काळपट डाग झपाट्याने पसरतो. दुर्गंधी आली तर बहुधा जिवाणू. ब्लेड ज्योतीवर धरून निरोगी भागापर्यंत कापावे. कापावर दालचिनीची पूड (मसाल्याच्या डब्यातली चालते), पण मुळांवर नाही, ती सुकतात. काही दिवस पाणी तोडावे, कुंडी वळचणीखालून हलवून वाऱ्याला ठेवावी.

विषाणू – घरगुती काय, बाजारातलाही इलाज नाही. रोप नष्ट करावे.

नवे रोप दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. राधानगरी अभयारण्यातून विनापरवाना आमरी उपटून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे.