स्नुहीची ओळख आणि जुनी वनस्पतिचित्रे

स्नुही मागवावी आणि आलेल्या मालात दोन-तीन प्रकारचे निवडुंग निघावेत, हा अनुभव औषधिनिर्माण करणाऱ्या व्यावसायिकांस नवा नसावा. आपल्याकडे ‘निवडुंग’ हा शब्द इतका सैल वापरला जातो की अमेरिकेतून आलेला, स्नुहीशी कुळानेही संबंध नसलेला फड्या निवडुंगसुद्धा त्यात सामावतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधेचे अल्पकंटक व बहुकंटक असे दोन भेद सांगून बहुकंटक श्रेष्ठ मानला आहे, आणि दोन-तीन वर्षांच्या झाडाचे क्षीर शिशिराच्या अखेरीस घ्यावे, असाही निर्देश आहे. गुरूसमवेत रानात जाणाऱ्या शिष्यास एवढे पुरेसे होते. आपणांस मात्र पडताळणीसाठी दुसरे काही हवे असते.

इतर वनस्पतींच्या बाबतीत हे काम वाळवून दाबलेला नमुना करतो. मांसल वनस्पती त्यास दाद देत नाहीत. खोडातील साठलेल्या पाण्यामुळे त्या दाबाखालीही दीर्घकाळ जिवंत राहतात, पाने गाळतात, नाहीतर कुजतात. वाळल्याच तर खोडाच्या धारा चपट्या होऊन मोडतात. आणि स्नुहीवर्गाची ओळख तर प्रामुख्याने या धारांवरच अवलंबून! म्हणूनच रिचर्ड ब्रॅडली याने १७१६ पासून इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या मांसल वनस्पतींच्या ग्रंथाच्या शीर्षकातच, ज्यांचा शुष्कसंग्रह करता येत नाही अशा या वनस्पती, असे म्हटले आहे. ताम्रपटांवर कोरलेली चित्रे हाच त्याचा संग्रह. पुढे १७९९ पासून फ्रान्समध्ये द कांदोल याच्या वर्णनांसह रेदूते याची रंगीत चित्रे प्रसिद्ध होऊ लागली, तीही याच गरजेतून. अशा अनेक जातींच्या शास्त्रीय नावांस आजही आधार आहे तो जुन्या चित्राचाच.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे ‘हॉर्तुस मलबारिकुस’. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने सिद्ध केलेले त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे त्यास साहाय्य लाभले. या तिघांचे कोंकणी भाषेतील निवेदन पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. वैद्यवर्गाने एकदा तरी ते पाहावे.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तीन ‘कल्ली’ ओळीने येतात. पैकी एक तिधारी निवडुंग, एक आपला शेर. मधली ‘एला-कल्ली’, म्हणजे पाने असलेली कल्ली. वाद आहे तो हिच्याविषयी. भारत कधीही न पाहिलेल्या लिनियसने १७५३ साली हे चित्र युफोर्बिया नेरिइफोलिया या नावाखाली उद्धृत केले. भारतात वनस्पतींचा अभ्यास केलेल्या बुकॅनन-हॅमिल्टन याने १८२५ साली ते मान्य केले नाही. चित्रातील वनस्पती निराळी ठरवून त्याने तिला युफोर्बिया निवुलिया असे नाव दिले. आज या दोन्ही जाती स्वतंत्र मानल्या जातात.

हा केवळ नावांचा वाद समजू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या विषद्रव्यांविषयीच्या अनुसूची ई-१ मध्ये स्नुही म्हणून युफोर्बिया नेरिइफोलियाचा उल्लेख आहे. क्षारसूत्राच्या प्रचलित एकवीस लेपांपैकी पहिले अकरा निव्वळ स्नुहीक्षीराचे असतात. तीक्ष्ण विरेचन म्हणूनही हे क्षीर अल्प मात्रेतच योजावयाचे असते. तेथे ‘निवडुंगच तो’ म्हणून कसे चालेल?

ओळखीची खूण अशी : नेरिइफोलियाच्या फांद्यांवर उंचवट्यांच्या पाच ओळी किंचित पिळदार चढत जातात आणि प्रत्येक उंचवट्यावर काट्यांची जोडी असते. निवुलियाच्या फांद्या गोल असून काट्यांखाली असा ठळक उंचवटा नसतो. दोहोंत पाने शेंड्याकडेच असल्याने पानांवरून निर्णय करू नये. क्षीर गोळा करण्यापूर्वी उभ्या झाडाचे, फांदीच्या आडव्या कापाचे व काट्यांच्या जोडीचे अशी तीन छायाचित्रे घेऊन ती त्या खेपेच्या नोंदीस जोडावीत. काप घेताना चीक डोळ्यांत उडणार नाही, याची काळजी घ्यावी.