मागल्या चाकाची कुरकुर

बैलगाडीचें चाक करकरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरे, गाडीखालीं टांगलेलें वंगणाचें नळकांडें काढी आणि आंसाला वंगण देऊन मगच बैल हांकी. दोन कठीण वस्तू एकमेकींवर घांसूं लागल्या म्हणजे आधीं आवाज होतो, मग उष्णता वाढते आणि अखेर झीज होते, हें त्याला पुस्तकावांचून ठाऊक असे. मोटारीच्या चाकालाही हाच नियम लागू आहे. मोटारींत घर्षण कमी करण्याचें काम पोलादी छर्रे किंवा बारीक रूळ करतात, तेंच बेअरिंग. त्याची कुरकुर मात्र इंजिनाच्या आणि रस्त्याच्या गोंगाटांत बुडून जाते, आणि ऐकणाराचा कान तयार नसेल तर धोका दाराशीं येईपर्यंत कळत नाहीं.

जुन्या स्पोर्ट्स मोटारींत हा धोका विशेष आहे. ट्रायंफ स्पिटफायर ही दोन आसनांची उघडी मोटार इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत असे. तिचा सांगाडा ट्रायंफ हेराल्डच्या सांगाड्यावरून बेतलेला होता. आणि हेराल्ड म्हणजे १९६१ पासून मद्रासेस 'स्टँडर्ड हेराल्ड' या नांवानें तयार होऊं लागलेली, आपल्याकडील अनेक घरांना परिचित असलेली गाडी. दोहींच्या मागल्या चाकांची रचना मुळांत एकच. चाक ज्या हबवर बसतें तो हब आंसाच्या निमुळत्या टोंकावर चावी आणि नट यांनीं घट्ट बसविलेला असतो. अर्थात् तें टोंक तुटलें तर हब, ब्रेक-ड्रम आणि चाक हीं तिन्ही एकदमच गाडी सोडून जातात.

शिवाय या रचनेंत छर्ऱ्यांच्या बेअरिंगच्या जोडीला सुईसारख्या बारीक रुळांचें एक बेअरिंग असतें, आणि त्याचे रूळ प्रत्यक्ष आंसाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरच फिरतात. म्हणून आंत पाणी शिरलें तर केवळ बेअरिंगच गंजतें असें नव्हे, आंसही गंजतो.

सिडकोनें १९७० नंतर वसविलेल्या नवी मुंबईंत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. हें शहर खाडीकांठीं आहे. वाशी-बेलापूरकडे पावसाचें पाणी भरतीच्या वेळीं सांठवून ओहोटीला सोडण्यासाठीं धारण तलाव बांधावे लागले. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळीं आलीं कीं रस्त्यावर पाणी तुंबतें. अशा पाण्यांतून हबापर्यंत बुडून गेलेल्या गाडींत जुन्या ऑइल-सीलवाटे पाणी शिरतें. पुढें गाडी कापडाखालीं महिनेच्या महिने उभी राहिली तर रूळ एकाच जागीं टेकलेले राहून तेथेंच गंज धरतो.

दोष ओळखावा कसा? वेगाबरोबर वाढणारी, पण क्लच दाबून इंजिन मंदावलें तरी कायम राहणारी घरघर ही पहिली खूण. वळणावर बाहेरच्या चाकावर भार वाढतो, म्हणून तेथें आवाज बदलतो. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणें बदलतो, बेअरिंगचा तितका बदलत नाहीं. नंतर पुढल्या चाकांना अडण्या लावाव्या, गाडी उचलून लोखंडी घोडीवर ठेवावी, एका हातानें मागलें चाक फिरवावें आणि दुसरा हात स्प्रिंगेवर ठेवावा. खरखर हाताला जाणवते. चाक वरखालीं हलवून ढिलेपणाही पाहावा.

बदलण्याच्या कामांत सर्वांत सांभाळण्याची गोष्ट म्हणजे पाट्यांची आडवी स्प्रिंग. शॉक-ॲब्सॉर्बर सोडण्यापूर्वीं आंसाच्या बाहेरील टोंकाखालीं जॅक लावून भार त्यावर घ्यावा. नाहीं तर सुटलेली स्प्रिंग हात मोडूं शकते. मग ब्रेकची नळी, हँडब्रेकची तार आणि चाकाला मागें-पुढें हलूं न देणारी दांडी सोडवावी, आंतल्या टोंकाचे चार बोल्ट काढावे, स्प्रिंगेचा बोल्ट काढावा आणि आंस हबासह टेबलावर आणावा.

येथून पुढें घरचा हातोडा कपाटांत ठेवावा. निमुळत्या टोंकावर वर्षानुवर्षें घट्ट बसलेला हब साध्या पुलरला दाद देत नाहीं. उलट त्याची कड वांकते, आणि आंसाच्या टोंकावर घाव घातले तर आटे चेपतात. त्यासाठीं जाड पुलर आणि प्रेस लागतो. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील औद्योगिक वसाहतींत, तुर्भें-रबाळ्याच्या बाजूस, अशीं साधनें असलेले कारागीर मिळतात. त्यांना मजुरी देणें नवा हब शोधण्यापेक्षां स्वस्त पडतें.

हब निघाल्यावर आंस स्वच्छ पुसून रूळ फिरतात ती जागा नखानें तपासावी. नख अडकेल इतकी खांच किंवा गंजाचे खड्डे दिसले तर आंसही बदलावा. पुष्कळांची चूक होते ती येथेंच. खड्डे पडलेल्या आंसावर नवें बेअरिंग चढविणें म्हणजे खडबडीत जात्याला नवा खुंटा ठोकण्यासारखें आहे. पीठ जाडेंच येणार.

नवें बेअरिंग बसवितांना जी कडी घट्ट बसावयाची तिच्यावरच दाब द्यावा. बाहेरची कडी बसवावयाची आणि दाब आंतल्या कडीवर, असें झालें तर मधल्या छर्ऱ्यांचे वळ पोलादावर उमटतात, आणि नवी वस्तु चार दिवसांत जुन्यासारखी घरघरूं लागते. ऑइल-सील नवेंच घालावें, ग्रीस स्वच्छ हातानें भरावें, आणि हबचा नट निर्मात्याच्या पुस्तिकेंत दिलेल्या जोरानेंच आंवळावा. ग्रीस देण्याच्या छिद्राला कायमचा निपल नसतो, साधा डाट असतो, म्हणून हें वंगण नेहमीं विसरलें जातें. डाट काढून, निपल लावून वेळोवेळीं ग्रीस देण्याचें स्मरण ठेवावें.

अखेरची परीक्षा पहांटे पाम बीच मार्गावर घ्यावी. रहदारी थोडी असते आणि रस्ता सपाट. कांचा खालीं करून हळूं जावें आणि कान मागल्या चाकाकडे लावावा. परत आल्यावर हबला हात लावून पाहावा. एकच हब दुसऱ्याहून फार ऊन लागला तर नट व ब्रेक पुन्हा तपासावे, आणि तो तसा नसला तरी कांहीं मैलांनंतर एकदां नट तपासल्यावांचून लांबच्या प्रवासास निघूं नये.