ॲम्प्लिफायरमधील हम आणि बझ: दोष आत की बाहेर?

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ॲम्प्लिफायर गाणे लावण्याआधीच घुमू लागतो, आणि विद्यार्थी पहिल्यांदा फिल्टर कपॅसिटर बदलतात. त्याआधी एक चाचणी करा. ॲम्प्लिफायर बंद करून इनपुटची केबल काढा, इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा आणि पुन्हा चालू करा.

आवाज गेला तर दोष बाहेर आहे: केबलचे शील्ड तुटलेले असेल किंवा ग्राउंड लूप असेल. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोघांना अर्थिंग असून केबलचे शील्डही त्यांना जोडत असेल, तर त्या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. काही जण प्लगची अर्थ पिनच काढतात. हम थांबतो, पण इन्सुलेशन बिघडल्यास धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट येतात. हे कधीही करू नका.

आवाज राहिला तर दोष आत. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल १०० हर्ट्झचा असतो. ४७०० मायक्रोफॅरड आणि १ ॲम्पिअरला सुमारे २ व्होल्ट. चांगले सर्किट तो बराच दाबते. नव्या जोडणीत मला वायरिंगचाच संशय आधी येतो. कपॅसिटर भरणारा प्रवाह तीव्र झटक्यांनी येतो. इनपुटचे ग्राउंड त्याच तारेवर असेल तर तो सिग्नलमध्ये मिसळून भणभणतो. प्लग काढून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून, इनपुट आणि स्पीकरची ग्राउंड तार एकाच बिंदूवर स्वतंत्रपणे आणा.